एकाच तारखेची माणसं

४ फेब्रुवारी

माननीय डॉक्टरीणबाई यांस,

तुझं पत्र मिळालं. तू मला ‘माननीय महोदय’ लिहिलंस म्हणून मीही तुला माननीय लिहिलं. तेवढी रीतभात मला कळते.

इतक्या वर्षांनी पत्र आलं आणि तेही इस्पितळाच्या छापील कागदावर, याचं आधी वाईट वाटलं. मग वाटलं, साध्या कागदावर लिहायला तुला जड गेलं असेल. कुणीतरी आधी बोलायला हवं होतं, तू निमित्त काढून बोललीस. खाली तुझं नाव आहे, मधे माझं आहे, शेवटी आडनाव. मधलं नाव तू गाळलं नाहीस हे बघून मी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. आहे.

पत्र मी चारदा वाचलं तरी नीट कळलं नाही. तू लिहितेस की माझ्या जुन्या एक्स-रेमध्ये पाठीचा एक मणका दबलेला दिसतो. तो फोटो छातीच्या बरगड्या बघायला काढला होता, त्या वेळी कुणाचं मणक्याकडे लक्ष गेलं नाही, आता तुमच्या यंत्राने जुने सगळे फोटो पुन्हा तपासले तेव्हा सापडलं. तरी हाडांची घनता तपासून घ्यावी. ‘घाबरू नका, पण घरी बसूनही राहू नका.’ हे शेवटचं वाक्य तुझंच आहे, मी ओळखलं. छापील असलं म्हणून काय झालं.

एक गोष्ट मात्र कळते. मी जन्मभर लिफ्ट चालवली. आठव्या मजल्यावर जाणारा माणूस सातव्याकडे बघत नाही, दार उघडलं तरी बघत नाही. छाती बघणाऱ्या डॉक्टरने पाठ बघितली नसेल. म्हणजे तू आता मागे राहिलेले मजले बघत फिरतेस, असंच ना? असं असेल तर ही नोकरी धरलीस त्या वेळी तू मला का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, ‘इमेजिंग’, ‘डेटा’, ‘सिस्टिम जोडायच्या’. मला वाटलं, पोरगी डॉक्टर होऊन वायरमन व्हायला निघाली.

खालची खोली मी तुझ्यासाठी रंगवून घेतली होती. रोग्यांना बसायला बाक आणला होता. रोग्याचा हात हातात न घेता कसली डॉक्टरकी, असं मी म्हणालो. त्यात काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही, आणि ते आज काढायचंही नाही.

तुझ्या पत्रात लिहिलंय की तो फोटो मी शिडीवरून पडलो तेव्हा काढला. असेल. पडलो असेन.

कागदाच्या तळाशी ‘शंका असल्यास या पत्त्यावर कळवावे’ असं आहे, म्हणून तिथेच पाठवतो. तुझ्या आईला हे पत्र दाखवलेलं नाही. ती म्हणाली, ‘‘कुणाचं टपाल?’’ मी म्हणालो, ‘‘पेन्शनचं.’’

आपला,
महोदय


२१ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

तुझं उत्तर आलं. एक ओळ. ‘आपल्या शंकेची नोंद घेतली आहे.’ तू शाळेत होतीस तेव्हाही रागावलीस की एकेक ओळच बोलायचीस. ‘जेवलीस?’ ‘हो.’ ‘काय शिकवलं?’ ‘धडा.’ मला सवय आहे.

पाठ दुखते. पत्र येण्याआधी दुखत नव्हती, खोटं कशाला बोलू. आता सकाळी उठताना हात पाठीवर जातो. तुझ्या आईने पकडलंच.

‘‘काय झालं कमरेला?’’

‘‘काही नाही.’’

‘‘काही नाही तर राजासारखं हात मागे बांधून काय फिरताय? राज्य कुठाय?’’

मी म्हणालो, हाडं म्हातारी झाली. ती म्हणाली, ‘‘हाडं म्हातारी झाली, जीभ तेवढी तरणी राहिली.’’ तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी जिन्यात जाऊन बसतो हे तुला ती सांगतच असेल. या रविवारी मी दार थोडं उघडं ठेवलं होतं. म्हटलं, तू विचारशील, बाबांना पत्र मिळालं का, तपासणीला गेले का. तू विचारलं नाहीस. तुझी आई म्हणत होती, ‘‘हो, हो, बरे आहेत, त्यांना काय धाड भरलीय.’’ मग तुम्ही पडद्यांच्या कापडावर बोलत बसलात. मला काही समजेना. पत्रात ‘घरी बसून राहू नका’ म्हणायचं आणि फोनवर पडद्याचं कापड? मग वाटलं, आईला कळू नये म्हणून तू मुद्दाम विषय काढला नाहीस. तेच असणार. मीही तेच करतोय.

एक सांगायचं राहिलं. माझा एक्स-रे खोकल्यासाठी काढला होता. शिडीचं मला आठवत नाही. पण तो मुद्दा तू मनावर घेऊ नकोस. म्हातारपणी माणूस काय काय विसरतो. मणका दबलाय तर दबलाय. तपासणीची तारीख दिली आहे त्या दिवशी जातो. तुझ्याकडचं कुणी असेल का तिथे? तू असशील, असं मी म्हणत नाही.

तुझा बाप


१२ मार्च

चि. बेबीस,

गेलो होतो.

हाडांच्या खात्याची खोली लहान आहे. एक लांब टेबल, त्यावर पांढरं कापड, वर यंत्राचा वाकडा हात. कामाला एक बाई, तुझ्याच वयाची, केस वर बांधलेले. पट्टा काढा म्हणाली, किल्ल्या काढा म्हणाली, मला टेबलावर निजवलं, पायाखाली एक ठोकळा ठेवला. ‘‘हलू नका, आजोबा.’’ मी म्हणालो, ‘‘मला हलायची सवयच नाही, मी लिफ्ट चालवायचो, हलायची ती लिफ्ट.’’ ती हसली. यंत्राचा हात अंगावरून इतका हळू गेला की मला वाटलं, बंद पडलं.

मग पडद्यावर बघत म्हणाली, ‘‘आजोबा, तुमची हाडं माझ्यापेक्षा चांगली आहेत.’’

मी म्हणालो, ‘‘असं कसं? मणका दबलाय.’’

‘‘कुठाय दबलेला? सगळे जागच्या जागी आहेत.’’

‘‘नीट बघा. पत्र आहे माझ्याकडे.’’

बेबी, मी त्या बाईशी भांडलो. तुमचा मणका शाबूत आहे असं ती सांगतेय आणि मी म्हणतोय नाही, मोडलाय, माझ्या मुलीने सांगितलंय. तिने पत्र घेतलं, खालचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. ‘‘मॅडम तुमची मुलगी?’’ मी मान हलवली. पत्र माझ्या हातात परत देत ती म्हणाली, ‘‘आजोबा, ही पत्रं मॅडम लिहीत नाहीत. यंत्र फोटो निवडतं, यंत्रच पत्र काढतं. सगळ्यांना हेच जातं.’’

सगळ्यांना हेच जातं. घाबरू नकासुद्धा.

मी पट्टा बांधला. दोनदा चुकीच्या भोकात गेला.

तिने मग जुना फोटो काढून दाखवला, ज्यावरून पत्र आलं तो. बाजूला माझा नवीन. जुन्यातला एक मणका पुढच्या बाजूने चेपलेला, वरून बसलेल्या उशीसारखा. मलाही दिसला, म्हणजे खरंच असणार. ‘‘हा माणूस वेगळा आहे,’’ ती म्हणाली, ‘‘पण नाव हेच. जन्मतारीख हीच. शिडीवरून पडले होते का तुम्ही?’’

तेव्हा सांगितलं, की मी आयुष्यात शिडीवर चढलो नाही, माझं सगळं चढणं बटण दाबून झालं.

घरी येताना बसमध्ये उभा होतो तेव्हा डोक्यात आलं. माझी जन्मतारीख एक जानेवारी. ती माझी नाही. माझी खरी तारीख कुणालाच माहीत नाही. शाळेत घालायला नेलं तेव्हा हेडमास्तरांनी आमची ओळ लावली, दात बघितले, कान उलट्या हाताने धरता येतो का बघितलं, आणि सगळ्यांना लिहून टाकली एक जानेवारी. आमचा अख्खा वर्ग एका दिवशी जन्मलाय. आणि त्या वर्गात माझ्याच नावाचा, माझ्याच आडनावाचा, बापाचं नावही तेच असलेला एक मुलगा होता. आमच्याकडे तेव्हा चार-पाचच नावं होती, आजोबाचं नातवाला, नातवाचं पुढच्याला, तीच फिरवून वापरायचे. तो उंच, मी बुटका. मास्तर त्याला लंबू म्हणायचे आणि मला गिड्ड्या, नाहीतर हजेरीला दोघं एकदम ‘हजर’ म्हणायचो.

लंबू पुढे इमारती रंगवायचा. शिडीवर.

तुझं यंत्र चुकलं, बेबी. हे लिहिताना मला बरं वाटायला हवं होतं. पत्र मला नव्हतंच. तू मला लिहिलंच नव्हतंस. आणि ज्याला लिहायचं होतं त्याला कुणी लिहिलेलं नाही. तो मोडका मणका घेऊन कुठेतरी हिंडतोय, आणि त्याचं टपाल माझ्या घरी.

यातलं तुला काही माहीत आहे का? की हे पत्रही यंत्रच वाचणार आणि नोंद घेणार? कोण वाचतंय तिकडे?

बाबा


२ एप्रिल

चि. बेबीस,

कुणी का वाचेना, मी लिहितो. नोंद घ्या.

यंत्रावरच्या त्या बाईला मी पुन्हा जाऊन विचारलं, लंबूचा पत्ता द्या. म्हणाली, ‘‘आजोबा, यंत्रात एकच माणूस आहे, आणि त्याचा पत्ता तुमचा आहे.’’ म्हणजे लंबूला तुम्ही पुसून टाकलंत आणि माझ्यावर रचलंत. मी म्हणालो, ‘‘मग त्याला शोधणार कोण?’’ ती म्हणाली वर कळवलंय. वर म्हणजे कुठला मजला ते सांगेना.

मग मीच निघालो. रंगाच्या दुकानापाशी सकाळी कामाच्या शोधात रंगारी उभे असतात, त्यांना विचारलं. तरणी पोरं, त्यांना कोण लंबू. एका जुन्या माणसाने विचारलं, ‘‘तो वाकडा? तो बहिणीकडे असतो, गोदामाच्या मागे.’’ मी म्हणालो, ‘‘वाकडा नाही, लंबू. उंच.’’ तो म्हणाला, ‘‘तोच.’’

बहीण दारात कपडे वाळत घालत होती. तिने आत हाक मारली. खुर्ची उलटी फिरवून, तिच्या पाठीवर हात टेकून एक म्हातारा बसला होता. उभा राहिला आणि मला कळेना काय बघतोय मी. बेबी, तो माझ्या खांद्याला लागतो. लंबू.

मी म्हणालो, ‘‘खाली वाकून काय शोधतोयस?’’

त्याने मान तिरकी करून वर बघितलं. ओळखलं. म्हणाला, ‘‘तुझी अक्कल. शाळेत पडली होती, अजून सापडली नाही.’’

मग आम्ही इतके हसलो की त्याला कळ आली आणि बहीण मला ओरडली.

तो म्हणतो, पाठ म्हातारपणाने दुखते. बहीण म्हणते, गेल्या वर्षी नुसतं शिंकताना कळ आली आणि महिनाभर उठला नाही. औषध? मलम लावतात. इस्पितळात का नाही गेलात, विचारलं, तर म्हणाला, गेलो होतो, खिडकीवर बाईने नाव बघितलं आणि म्हणाली, तुमचा पत्ता बदललाय, तुम्ही खोकल्यासाठी आला होतात ना? ‘‘मी म्हटलं, मला खोकला कधी झाला? ती म्हणाली, इथे लिहिलंय. मग मी म्हटलं, झाला असेल बाबा, शिकलेली माणसं खोटं कशाला लिहितील.’’ खोकल्याचं औषध घेऊन आला. प्यायलासुद्धा.

मी त्याला तुझं पत्र दिलं. म्हणालो, हे तुझं आहे, उशीर झाला, माझ्याकडे पडून होतं. वाचायला त्याने बहिणीला दिलं. खालचं नाव ऐकल्यावर म्हणाला, ‘‘मधे माझं नाव कसं?’’ मी म्हणालो, ‘‘तुझं नाही, माझं. माझी मुलगी.’’ तर म्हणतो, ‘‘सारखंच आहे. माझीपण म्हणायला हरकत नाही. तुझ्याशी बोलते का ती?’’

मी म्हणालो, ‘‘कामात असते.’’

परवा त्याला घेऊन गेलो. बसच्या पायरीवर मी आणि त्याच्या बहिणीने मिळून चढवला. टेबलावर त्याला उताणं निजता येईना, त्या बाईने उशा लावल्या आणि यंत्र चालू होईपर्यंत त्याचा हात धरून उभी राहिली. मी बाहेरून काचेतून बघत होतो. आणखी दोन मणके दबलेत म्हणे. आता सुई सुरू होईल, वर्षातून एकदा, आणि गोळ्या. शिडी, ओझं, वाकणं बंद. हाडं भरतात का, मी विचारलं. ती म्हणाली, दबलेला मणका परत वर येत नाही, पण पुढचा वाचवता येतो.

हे सगळं तुझ्या यंत्रामुळे झालं की यंत्र चुकल्यामुळे, याचा मी विचार करतोय. यंत्र नसतं तर त्याचा मणका कुणी बघितलाच नसता. यंत्र होतं म्हणून तो खोकल्याचं औषध प्यायला. मला जमत नाही. तू शिकलेली आहेस, तू सांग.

बाबा


२० एप्रिल

चि. बेबी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या हातचं पत्र आलं. अक्षर अजून तसंच, ‘र’ला शेपूट लांब. पहिल्या ओळीत लिहितेस, माझी चारही पत्रं शंकांच्या पेटीत पडून होती, कारकुनाने परवा एकदम आणून दिली. तो म्हणाला म्हणे, ‘मॅडम, एक आजोबा आहेत, शंका संपतच नाहीत.’ तू चारही एका बैठकीत वाचलीस. म्हणजे वायरमन, बाक, जिना, सगळं वाचलंस. मला कळतं तर काही शब्द गाळले असते. गाळले असते की नाही, तेही सांगता येत नाही.

पुढे वाटलं तू त्यावर काही लिहिशील. पण तू थेट कामाचंच लिहिलंस. दोन इस्पितळांचे कागद एकत्र केले, तेव्हा तुझ्या खात्याच्या यंत्राने नाव सारखं, तारीख सारखी बघून दोन माणसं एक केली. तुम्ही म्हाताऱ्या माणसांच्या जन्मतारखांचा आलेख काढता, त्यात एक जानेवारीला उंच सुळका दिसायचा आणि तुम्हाला वाटायचं कुणीतरी टाईप करताना आळस केला. ‘त्या सुळक्यात माझे वडील आहेत हे माझ्या ध्यानात आलं नाही,’ असं तू लिहिलंस. हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं. तुला वाईट वाटतंय की तू नुसतं सांगतेस, ते कळलं नाही.

आणि शेवटी मला विचारतेस, ‘बाबा, ज्यांना स्वतःची जन्मतारीख माहीत नाही त्यांना काय विचारावं, म्हणजे दोघे वेगळे कळतील?’

मला विचारतेस. तुझ्याकडे एवढी डोकी असताना.

तुझ्या आईला पत्र वाचून दाखवलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, ‘‘विचारलंय ना? मग बसा विचार करत. आणि पेन्शनचं म्हणालात त्याचं नंतर बघते.’’ चार दिवस विचार केला. लंबूकडे गेलो, त्यालाही विचारलं. तो म्हणाला, कुणाला शाळेत काय म्हणायचे ते विचार. पण प्रत्येक वर्गात एक लंबू असतोच. धंदा विचारावा, तर एका रस्त्यावरचे सगळे रंगारी. बापाचं नाव विचारून उपयोग नाही, ते आमच्या बाबतीत तू बघितलंस. पत्ता बदलतो. उंची तर बदलतेच, तुझं खातंच त्यावर चालतं. अंगावरची खूण म्हणावी, तर कुठल्या बाईने खिडकीवर म्हाताऱ्याला सदरा वर करायला सांगायचं?

मग लंबूची बहीण आतून म्हणाली, ‘‘आमच्या आईला अख्ख्या आळीत कुणी नावाने ओळखलं नाही, तुम्ही दोघं बापांची नावं घेऊन बसलात.’’

ती सहज म्हणाली, पण माझं उत्तर तेच आहे. आईचं नाव विचार. हेडमास्तरांनी आम्हा सगळ्यांना एका दिवशी जन्माला घातलं, पण आया काही त्यांना एक करता आल्या नाहीत. बापांची नावं फिरवून वापरली, आया बाहेरून लग्न होऊन आलेल्या, प्रत्येकीचं वेगळं. तू लिहितेस तुमच्या कागदावर आईच्या नावाचा रकाना आहे, पण कुणी भरत नाही. भरत नाही कारण कुणी विचारत नाही. खिडकीवरच्या बाईला सांग, मान वर करून विचार. म्हातारी माणसं सांगतील. लंबूने सांगितलं. ऐंशीच्या घरात असून सांगताना लाजला. त्याचं नाव, त्याच्या आईचं नाव, आणि बहिणीचा पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर त्याच्या अंगठ्यासह पाठवतोय. त्याला आता यंत्रात वेगळा माणूस कर. माझ्यावरून उतरव.

माझ्या आईचं नाव मी इथे लिहीत नाही.

तुझ्या आईला विचारून काम भागेल असं समजू नकोस. ती लग्न होऊन आली तेव्हा माझी आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. घरात माझ्या आईला सगळे नुसतं ‘थोरली’ म्हणायचे, गेल्यावर तेही म्हणेनासे झाले. तिचा फोटो नाही, कुठल्या कागदावर ती नाही. लंबूला विचारलं, तो तिच्या हातचं जेवलाय, पण नाव त्यालाही येत नाही. ते नाव आता एकट्या मला माहीत आहे. मी ते कुणाला सांगितलेलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. तूही कधी विचारलं नाहीस.

तुझ्या यंत्राला माझा रकाना भरायचा असेल तर टपालाने भरला जाणार नाही. इथे ये, माझ्यासमोर बस आणि विचार. मी सांगेन. माझी हाडं चांगली आहेत असं तुमच्याच यंत्राने लिहून दिलंय, पण त्याच्या भरवशावर तू किती दिवस काढायचेस ते तूच ठरव.

बाबा